देवद्रव्य, विश्वास आणि हिशेब

॥ श्री केळबाई प्रसन्न ॥



देवीच्या फंडपेटीत पडणारा पैसा अनेक हातांतून येतो. कोणी आजी पदराच्या गाठीतली दहा रुपयांची नोट काढून पेटीत टाकते. नोकरीनिमित्त परदेशी गेलेला गावचा तरुण पहिल्या पगारातून अभिषेकाची रक्कम बँकेत भरतो. कोणी नवस फेडताना चांदीचा जिन्नस अर्पण करतो. देणारे हात असे शेकडो असतात. सांभाळणारा हात मात्र बहुतेक देवस्थानांत एकच असतो. त्या हातावर सर्वांचा विश्वास असतो, आणि बहुधा तो योग्यच ठरतो. क्वचित तो ठरत नाही. अशा वेळी पैशाची हानी भरून काढता येते; परंतु पुढच्या जत्रेला पेटीसमोर उभ्या राहिलेल्या भाविकाचा हात क्षणभर थबकतो, ती हानी वर्षानुवर्षे भरून निघत नाही.

हा लेख लिहिताना आमच्यासमोर कोणतीही तक्रार नाही अथवा कोणतीही व्यक्ती नाही. हे मुद्दाम नमूद करण्याचे कारण असे की, हिशेबाचे नियम करण्याची योग्य वेळ तीच असते, जेव्हा कोणावरही संशय नसतो. संशय उत्पन्न झाल्यावर केलेला नियम हा कोणाविरुद्ध तरी केलेला नियम वाटतो. म्हणून शांत मनाने या विषयाचा विचार व्हावा, एवढ्याच हेतूने हे विवेचन आपल्यापुढे ठेवीत आहोत.

देवद्रव्य कोणाचे?

देवाला अर्पण केलेले द्रव्य देणाऱ्याचे राहत नाही आणि ते समितीचेही होत नाही. ते देवाचे होते. ही केवळ श्रद्धेची भाषा नव्हे, कायद्याचीही आहे. कलकत्त्याच्या मलिक घराण्यातील कुलदेवतेसंबंधीच्या वादात प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली हिंदू देवमूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असल्याचे मान्य केले. आपल्या न्यायालयांनी पुढे अनेक निर्णयांत देवतेची तुलना अज्ञान बालकाशी केली आहे. बालकाच्या नावावर मालमत्ता असू शकते, परंतु तिची देखभाल पालकाने करावयाची असते. देवस्थान समिती ही त्या अर्थाने पालक होय.

या तुलनेतून एक गोष्ट सहज लक्षात येते. दुकानाचा मालक रात्री गल्ला मोजतो. घरातला कर्ता महिनाअखेर खर्च विचारतो. देवी मात्र वही उघडून पाहत नाही. तिच्या वतीने हिशेब विचारणारे कोणी असतील तर ते महाजन व भाविकच. त्यांनी संकोचाने विचारले नाही, तर विचारणारे कोणीच उरत नाही.

गोव्यातील देवस्थानांपुरते बोलावयाचे तर पोर्तुगीज राजवटीत १८८६ साली महाजनी नियमावली आली आणि १९३३ च्या विधिनियमाने तिला सुधारित स्वरूप मिळाले. अध्यक्ष, सचिव, खजिनदार व मुखत्यार अशी समितीची रचना आपल्या परिचयाची आहे, आणि तालुक्याचे मामलेदार हे देवालयांचे प्रशासक असतात. म्हणजे जबाबदारी वाटून देण्याची चौकट पूर्वीपासून आहे. प्रश्न एवढाच की, ती चौकट प्रत्यक्षात पाळली जाते, की सर्व कामे हळूहळू एकाच कामसू माणसाच्या गळ्यात पडतात.

तुळजापूरचा धडा

महाराष्ट्राची कुलस्वामिनी श्री तुळजाभवानी. तिच्या मंदिर संस्थानच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. इतकी शासकीय देखरेख असलेल्या या संस्थानातही दोन मोठी प्रकरणे उजेडात आली.

पहिले प्रकरण सिंहासन दानपेटीच्या लिलावाचे. १९९१ ते २००९ या काळात या लिलावांत सुमारे साडेआठ कोटी रुपयांचा अपहार झाल्याचा आरोप चौकशीतून पुढे आला. चौकशी होऊन अहवाल सादर झाला, तरी प्रकरण वर्षानुवर्षे पुढे सरकले नाही. अखेर मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. पहिल्या कथित व्यवहारापासून या आदेशापर्यंत तेहतीस वर्षे लोटली होती.

दुसरे प्रकरण आपल्या विषयाशी अधिक जवळचे आहे. देवीचे अलंकार व मौल्यवान वस्तू ज्यांच्या ताब्यात होत्या, त्या तत्कालीन धार्मिक व्यवस्थापकाविरुद्ध सप्टेंबर २०२० मध्ये तुळजापूर येथे गुन्हा नोंदला गेला. २००१ ते २०१८ या काळात सोने, चांदी तसेच ७१ पुरातन नाणी यांचा अपहार झाल्याचा तो आरोप होता. आरोप सिद्ध होणे अथवा न होणे हा न्यायालयाचा विषय आहे, त्यात आम्ही शिरत नाही. आम्हास महत्त्वाचा वाटतो तो काळ. सतरा वर्षे एका ताब्यात राहिलेल्या वस्तूंचा प्रश्न तो ताबा सुटल्यानंतर उभा राहिला. त्या सतरा वर्षांत दर वर्षी नोंदवही समोर ठेवून चार जणांनी वस्तू मोजल्या असत्या, तर जी काही उणीव असेल ती त्याच वर्षी दिसली असती. आणि उणीव नसेल, तर त्या व्यवस्थापकाच्या हाती दर वर्षीचा सह्यांचा कागद असता.

एका धार्मिक महाविद्यालयातील घटना

हा प्रश्न एका धर्माचा वा एका देशाचा नाही, हे ध्यानात यावे म्हणून दूरचे एक उदाहरण देतो. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातील न्यू रोशेल या गावी आयोना कॉलेज नावाची संस्था आहे. ख्रिश्चन ब्रदर्स या धर्मसंघाने ती १९४० साली स्थापन केली. २०२२ पासून तिला विद्यापीठ असे नाव मिळाले. या संस्थेच्या आर्थिक विभागाच्या प्रमुख अनेक वर्षे एक धर्मभगिनी होत्या. दारिद्र्याचे व्रत घेतलेली संन्यस्त स्त्री, तिच्याकडे तिजोरी सोपविण्यात कोणास शंका येणार?

सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार १९९९ ते २००९ या दहा वर्षांत त्यांनी न झालेल्या खरेदीची खोटी बिले आणि स्वतःच्या क्रेडिट कार्डाचा खाजगी खर्च संस्थेच्या पैशातून भागविला. डिसेंबर २०१० मध्ये त्यांना अटक झाली, आणि २०११ साली ८,५०,००० डॉलरहून अधिक रकमेच्या अपहाराची त्यांनी न्यायालयात कबुली दिली. या पैशाचा मोठा भाग जुगाराच्या व्यसनात गेल्याचे पुढे आले. दहा वर्षांवर ही रक्कम विभागली तर वर्षाकाठी ८५,००० डॉलर होतात. एवढी रक्कम दर वर्षी बाहेर जात असता ती कोणास दिसली नाही, कारण बिल मंजूर करणे आणि पैसे देणे या दोन्ही वाटा त्यांच्याच टेबलावरून जात होत्या.

अशीच दुसरी घटना कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथील सेंट जेम्स शाळेतील. तेथील मुख्याध्यापिका, त्याही धर्मभगिनी, २०१८ साली निवृत्त होईपर्यंत दहा वर्षे शाळेच्या शुल्काचे व देणग्यांचे धनादेश दुसऱ्याच खात्यात वळवीत होत्या. रक्कम ८,३५,००० डॉलरच्या घरात गेली आणि २०२२ साली त्यांना एक वर्ष व एक दिवसाची कैद झाली. येथेही खुर्ची बदलण्याची वेळ आली तेव्हाच सत्य बाहेर आले.

व्यक्तींची नावे आम्ही हेतुपुरस्सर दिलेली नाहीत. बोध नावातून मिळत नाही, पदाच्या रचनेतून मिळतो.

विश्वासू माणूस असे का करतो?

अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी तुरुंगातील अपहारकर्त्यांच्या मुलाखती घेऊन १९५३ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या अभ्यासातून जी मांडणी रूढ झाली, तीनुसार तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे विश्वासातला माणूस विश्वासघाताकडे वळतो.

पहिली गोष्ट, कोणास सांगता न येणारी अडचण. जुगार, कर्ज, व्यापारातील खोट, घरातील लपविलेले आजारपण अथवा ऐपतीपलीकडे केलेले लग्नकार्य. अडचण सांगता आली असती तर मदत मिळाली असती. ती सांगता येत नाही हेच संकट. दुसरी गोष्ट, संधी. पैसा हाताशी आहे आणि पाहणारे कोणी नाही. तिसरी गोष्ट, मनाची समजूत. “उचलतो आहे, पण पुढच्या महिन्यात परत ठेवीन.” “इतकी वर्षे फुकट राबलो, एवढे तर माझे हक्काचेच.” चोरी करतो आहे असे तो स्वतःशीही म्हणत नाही, उसने घेतो आहे असेच म्हणतो.

या तीन गोष्टींपैकी पहिली आणि तिसरी माणसाच्या अंतःकरणात असतात. समितीला तेथे शिरता येत नाही. दुसरी गोष्ट, म्हणजे संधी, ही मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. ज्या माणसाच्या हाती आपण एकट्याची किल्ली देतो, त्याच्या वाटेत आपणच एक खड्डा खणून ठेवीत असतो. तो त्यात पडला तर दोष त्याचाच; पण खड्डा आपला.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजद्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजले आहेत, आणि कोणतेही खाते एकाच अधिकाऱ्याच्या हाती कायमचे राहू नये, असाही विचार तेथे आहे. म्हणजे हा विचार पाश्चात्त्यांकडून उसना आणलेला नाही.

पैसा नेमका कोठून गळतो?

सर्वसाधारणपणे चार जागा आहेत.

पहिली जागा नोंद होण्यापूर्वीची. रोख रक्कम घेतली, पावती फाडली नाही. अथवा पेटी उघडली तेव्हा मोजणारा एकटाच होता. ही रक्कम कोणत्याही वहीत कधीच येत नाही, म्हणून तिचा शोध लागणे सर्वांत कठीण. मोजणीच्या जागी माणसे पुष्कळ असली तरी धोका पूर्ण टळत नाही. तिरुमला येथे हुंडीतील द्रव्य मोजण्याच्या जागी, ज्यास परकामणी म्हणतात, एका मठाच्या वतीने काम पाहणारा कर्मचारी एप्रिल २०२३ मध्ये परकीय चलन लपवून नेताना पकडला गेला होता.

दुसरी जागा नोंद झाल्यानंतरची. न आलेल्या मालाचे बिल, वाढवून लावलेली किंमत, न झालेल्या दुरुस्तीची मजुरी. आयोना येथील प्रकार हाच.

तिसरी जागा वस्तूंची. अलंकार, चांदीची उपकरणी, जुनी नाणी, समया. ज्यांचे वजन व वर्णन लिहिलेले नाही अशी वस्तू बदलली अथवा हलकी झाली तरी सांगणार कसे?

चौथी जागा काळाची, आणि ती थोडी समजावून सांगावी लागेल. समजा, जत्रेच्या दिवशी एका भाविकाने अन्नदानासाठी ५,००० रुपये रोख दिले आणि ते खजिनदाराने अडचणीपोटी स्वतःकडे ठेवले. आठ दिवसांनी दुसऱ्या भाविकाचे ५,००० आले. ते त्याने पहिल्याच्या नावे जमा केले. दुसऱ्याची जागा तिसऱ्याच्या रकमेने भरली. कोणाचीही रक्कम बुडाली असे वरवर दिसत नाही, फक्त प्रत्येकाची नोंद थोडी उशिरा होते. प्रत्यक्षात ५,००० ची एक भेग वहीतून पुढे पुढे सरकत असते, आणि मध्ये पुन्हा अडचण आली की ती १०,००० ची होते. ही भेग दुसऱ्याच्या दृष्टीस पडू नये म्हणून असा माणूस वही कोणाच्या हाती देत नाही, रजा घेत नाही, तापाने फणफणला तरी कार्यालयात येतो. आणि आपण त्याच्या सेवाभावाचे कौतुक करतो.

म्हणूनच बँकांत रजेचा नियम असतो. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या परिपत्रकाद्वारे बँकांना सांगितले की, नाजूक जबाबदारीच्या जागांवरील कर्मचाऱ्यांना दर वर्षी पूर्वसूचना न देता सलग किमान दहा कामकाजी दिवस रजेवर पाठवावे. त्या दिवसांत दुसरा माणूस वही पाहतो. नियम सर्वांस लागू असल्याने त्यात कोणाचा अपमान होत नाही.

लेखापरीक्षण होते, मग चिंता कशाची?

दर वर्षी लेखापरीक्षक हिशेब तपासतात, हे खरे. ते आवश्यकच आहे. तथापि लेखापरीक्षक वहीत लिहिलेले तपासतो. वहीत कधी आलेच नाही ते त्यास दिसत नाही. गैरव्यवहारांचा अभ्यास करणाऱ्या असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२४ साली १,९२१ प्रकरणांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांपैकी बाहेरच्या लेखापरीक्षणातून उघड झालेली प्रकरणे केवळ ३ टक्के होती. ४३ टक्के प्रकरणे कोणी तरी माहिती दिल्यामुळे उघड झाली. तात्पर्य, डोळे उघडे ठेवून प्रश्न विचारणारा सामान्य सभासद हा कोणत्याही तपासनिसापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

आपल्या पूर्वजांची पद्धत

आपल्या गोव्यात ही समज नवी नाही. गावकरीच्या कारभारात, तसेच चर्चच्या फाब्रिकांत, तिजोरीला एकाहून अधिक किल्ल्या ठेवण्याची व त्या निरनिराळ्या इसमांकडे देण्याची रीत होती. किल्ली सांभाळणाऱ्यास क्लाव्हिक्युलार म्हणत. एक जण कितीही मोठा असला तरी त्याला एकट्याने पेटी उघडता येत नसे. त्या काळी गावातील माणसे एकमेकांस आजच्यापेक्षा अधिक ओळखत, एकमेकांची सोयरीही असत. तरी त्यांनी किल्ल्या वाटल्या. त्यांचा परस्परांवर विश्वास नव्हता असे कोण म्हणेल? तो विश्वास टिकून राहावा, म्हणूनच ही तजवीज होती.

आमच्या सूचना

महाजनांच्या येत्या सर्वसाधारण सभेत पुढील गोष्टींवर विचार व्हावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

१) प्रत्येक फंडपेटीला दोन कुलपे असावीत व किल्ल्या दोन भिन्न व्यक्तींकडे असाव्यात. पेटी उघडण्याचा दिवस फलकावर आधी जाहीर करावा. मोजणीस किमान तिघे हजर असावेत, त्यांपैकी एक समितीबाहेरचा महाजन असावा. मोजलेली रक्कम जागेवरच लिहून सर्वांनी सह्या कराव्यात आणि त्याच दिवशी, अथवा बँक बंद असल्यास पुढील कामकाजी दिवशी, तेवढीच रक्कम बँकेत भरावी.

२) पावतीपुस्तकांना छापील अनुक्रमांक असावेत आणि कोणते पुस्तक कोणास दिले याची नोंद असावी. रद्द झालेली पावतीदेखील पुस्तकात तशीच ठेवावी.

३) खरेदी ठरविणारा, माल आल्याची खात्री करणारा आणि पैसे देणारा हे तिघे वेगळे असावेत. धनादेशावर दोन सह्या असाव्यात. सोयीसाठी कोऱ्या धनादेशावर आगाऊ सही करून ठेवण्याची सवय सर्वांनी कटाक्षाने सोडावी. दोन सह्यांचा सर्व अर्थ त्या एका सवयीने नाहीसा होतो.

४) भ्रमणध्वनीवरून देणगी देण्यासाठी लावलेले क्यूआर चिन्ह देवस्थानच्याच खात्याचे असावे आणि ते बदललेले नाही ना, हे दर आठवड्यास पाहावे. शनिशिंगणापूर येथे बनावट अ‍ॅपद्वारे ऑनलाइन पूजेच्या नावाखाली भाविकांचे पैसे घेतले गेल्याचे प्रकरण २०२५ साली गाजले, हे आपण जाणताच.

५) बँकेचे मासिक विवरण खजिनदाराखेरीज आणखी एका सदस्याने थेट बँकेतून घ्यावे व वहीशी ताडून पाहावे.

६) अलंकार व मौल्यवान वस्तूंची वजन, वर्णन व छायाचित्रासह नोंदवही असावी. दर वर्षी, तसेच समिती बदलताना, प्रत्येक वस्तू नोंदीशी पडताळून घ्यावी. पडताळणीशिवाय कार्यभार देऊ नये आणि घेऊही नये.

७) पावणीतून आलेली रक्कम, बोली लावणाऱ्याचे नाव व वसुलीची तारीख ही त्याच दिवशी लिहावी. येणे बाकी असेल तर ती बाकी म्हणून सभेपुढे यावी.

८) वर्षातून काही दिवस हिशेबाची वही खजिनदाराऐवजी दुसऱ्या सदस्याने चालवावी. दर तीन महिन्यांनी जमाखर्चाचा गोषवारा फलकावर लावावा.

या आठही गोष्टींना मिळून फारसा खर्च नाही. दोन कुलपे, एक नोंदवही आणि थोडा वेळ, एवढेच भांडवल पुरेसे आहे.

नेहमीचे तीन आक्षेप

“आपले देवस्थान लहान, इतके सोपस्कार कशाला?” असे कोणी म्हणेल. मोठ्या संस्थेत निदान कारकून वेगळा, रोखपाल वेगळा असतो. लहान संस्थेत सर्व कामे एकाच्याच हाती असतात, म्हणून तेथे धोका अधिक असतो. शिवाय लहान देवस्थानाला एक आघातसुद्धा पेलवत नाही.

“असे विचारले तर खजिनदाराला वाईट वाटेल.” हा आक्षेप मनाला भिडणारा आहे, कारण गावात खजिनदार हा कोणाचा काका, कोणाचा मामा, कोणाचा शाळासोबती असतो. परंतु त्याच्या बाजूने पाहावे. उद्या गावात नुसती कुजबुज उठली, तर हा भला माणूस आपली सचोटी कशाने सिद्ध करणार? एकट्याने मोजलेल्या पैशाला साक्षीदार नसतो. तिघांच्या सह्या, ताडलेली वही आणि फलकावरचा गोषवारा हे त्याचे कवच होय. त्या कवचाशिवाय त्याला तीन वर्षे उभे करणे हाच त्याच्यावरचा खरा अन्याय. हिशेब तपासणे म्हणजे संशय घेणे, ही समजूत आपण सर्वांनी मिळून मोडली पाहिजे, आणि ती मोडण्याचा सोपा उपाय असा की, खजिनदाराने स्वतःच सभेत म्हणावे, “माझा हिशेब तपासा.”

“काही आढळलेच तर आपापसांत मिटवावे, देवस्थानची बदनामी नको.” तिरुमलाच्या वर सांगितलेल्या प्रकरणात २०२३ साली लोक अदालतीत तडजोड झाली. तरी प्रकरण मिटले नाही. २०२५ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशाने चौकशी पुन्हा सुरू झाली. झाकलेली गोष्ट नाहीशी होत नाही. ती व्याजासह परत येते.

काही चूक आढळल्यास

आधी चूक आणि अपहार यांतील भेद पाहावा. बेरीज चुकते, पावती गहाळ होते, नोंद राहून जाते. यासाठी संबंधिताला लेखी खुलासा करण्याची संधी द्यावी. चौकशीच्या काळात वह्या, पावतीपुस्तके व किल्ल्या समितीने संयुक्त ताब्यात घ्याव्यात. खुलासा समाधानकारक नसेल तर विषय समितीच्या सभेत इतिवृत्तासह मांडावा आणि देवालय प्रशासक या नात्याने मामलेदारांस कळवावा.

विश्वासाने सोपविलेल्या मालमत्तेचा अप्रामाणिकपणे विनियोग करणे हा फौजदारीपात्र न्यासभंग होय. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली येतो. त्यापूर्वीच्या कृत्यांना भारतीय दंड संहितेची कलमे ४०५ ते ४०९ लागू होतात. नोकर वा कारकुनाने असा अपहार केल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. नंतर पैसे परत केले तरी झालेला गुन्हा आपोआप पुसला जात नाही, हेही सर्वांनी लक्षात ठेवावे.

मात्र चव्हाट्यावर कुजबुज करणे हा मार्ग नव्हे. शंका असेल तर ती समितीकडे लेखी द्यावी, आणि समितीने तिला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर द्यावे. कुजबुजीने निरपराध माणूस पोळतो आणि अपराधी माणूस सावध होतो.

शेवटी एक विनंती. ज्या अडचणीबद्दल कोणास सांगता येत नाही, तिच्यातूनच या वाटेचा आरंभ होतो, हे आपण पाहिले. तेव्हा देवस्थानच्या सेवेत असलेल्या माणसाच्या घरी संकट आले तर त्याची विचारपूस करणे, त्याला निःसंकोचपणे बोलता येईल असे वातावरण ठेवणे, हेही समितीचे काम आहे. कुलूप संधी अडविते. आपुलकी गरज अडविते. देवद्रव्याच्या रक्षणास दोन्ही हवीत.

पदराच्या गाठीतून काढलेली ती दहा रुपयांची नोट पेटीत पडताना आजी तिची पावती मागत नाही. ती मागत नाही, म्हणूनच तिचा हिशेब ठेवण्याची आपली जबाबदारी अधिक मोठी. ती पार पाडण्याची सद्बुद्धी व बळ श्री केळबाई देवी आपणा सर्वांस देवो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.